यादी देते, पण आधी क्रमाबद्दल बोलू

जय भीम.

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तुम्ही नागपुरात महिन्यातून एकदा अभ्यासवर्ग घेता. पंचवीस-तीस जण येतात. त्यात कॉलेजची मुलं आहेत, निवृत्त शिक्षक आहेत, घरकाम आणि दवाखान्यात काम करणाऱ्या बाया आहेत. गेल्या महिन्यात तुम्ही अमेरिकेतल्या काळ्या लोकांवरच्या पोलिसी अत्याचाराची एक फिल्म दाखवलीत. चौघं मध्येच उठून गेले. उरलेल्यांची चर्चा ‘हे तर आपल्याकडचंच’ या वाक्यावर पाच मिनिटांत संपली. आता तुम्हाला काळ्यांच्या जगण्यावरच्या दहा स्वतंत्र डॉक्युमेंटरी आणि शॉर्टफिल्म्सची यादी हवी आहे.

नावं देतेच. पण माझ्या मते तुमची अडचण नावांची नाही. ज्या माणसांना तुम्ही पहिल्यांदा पडद्यावर आणलंत, ती तुमच्या प्रेक्षकांना मरतानाच भेटली. त्यांचं घर, काम, गाणं, भांडण यांतलं काहीच दिसलं नव्हतं. अनोळखी माणसाच्या मरणावर कोणी फार वेळ बोलू शकत नाही. हळहळतो, आणि स्वतःच्या ओळखीच्या दुःखाकडे वळतो. ‘हे तर आपल्याकडचंच’ हे वाक्य तिथून येतं.

मी वीस वर्षं पुण्यात आणि आसपासच्या गावांत अशा फिल्म्स दाखवते आहे, माहितीपटांना मराठी सबटायटल्स करते. सुरुवातीला मीही सगळ्यात भीषण फिल्म पहिल्या दिवशी लावायचे. अन्याय डोळ्यांनी पाहिला की माणूस हलेल, असं वाटायचं. लोक हललेही, पण पुढच्या वेळी आले नाहीत. कारण समजायला मला दोन-तीन वर्षं लागली. ज्यांच्या घरात मारहाण, कोठडी, खोटी केस हे सगळं होऊन गेलंय, त्यांना ते रविवारी दुपारी पुन्हा बघायचं नसतं. ज्यांच्या घरात ते झालेलं नाही, त्यांना नुसतं बघितल्यानेच काहीतरी केल्यासारखं वाटतं.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. सोबत लहान मुलं येतात का, किती जणांना इंग्रजी कळतं, जागा संध्याकाळी किती वाजेपर्यंत मिळते, ही उत्तरं तुमच्याकडेच आहेत. मी माझ्या अनुभवावरून सांगते, तुम्ही त्यात बदल करा.

सुरुवात मी ‘आय ॲम समबडी’पासून करीन. मॅडलिन अँडरसन या काळ्या दिग्दर्शिकेची १९७० ची, अर्ध्या तासाची फिल्म. १९६९ मध्ये साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्सटन शहरात दवाखान्यातल्या चारशेहून अधिक कामगारांनी संप केला. बहुतेक सगळ्या काळ्या बाया. तासाला १ डॉलर ३० सेंट मजुरी. संघटना बांधू पाहणाऱ्या बारा जणींना कामावरून काढलं, त्यावरून ठिणगी पडली. राज्याने रस्त्यावर नॅशनल गार्डचे सैनिक उतरवले, शेकडो लोकांना अटक झाली. आदल्याच वर्षी मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला होता, आणि त्यांच्या पत्नी कोरेटा या बायांच्या बाजूने तिथे येऊन उभ्या राहिल्या. फिल्मला पैसा कामगार संघटनेने दिला आणि निवेदन संपातल्याच एका बाईचं आहे. आवाज शांत आहे, घरी आलेल्या पाहुण्याला झालेली हकीकत सांगावी तसा.

ही फिल्म मी पहिल्यांदा दाखवली तेव्हा समोर एका मोठ्या दवाखान्यातल्या वॉर्डात काम करणाऱ्या सात-आठ मावशी होत्या. फिल्म संपल्यावर मी नेहमीप्रमाणे ‘काय वाटलं?’ विचारलं. कोणी बोलेना. मग मागच्या रांगेतल्या एका मावशींनी विचारलं, “तासाला एक डॉलर तीस, तर दिवसाला किती? आणि तेव्हा घरभाडं किती होतं तिथं?” भाड्याचा आकडा माझ्याकडे नव्हता. आठ तासांचे १० डॉलर ४० सेंट होतात एवढं सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि पुढचा प्रश्न, “मग त्या बाराजणींना परत घेतलं का?” घेतलं होतं. मजुरीही वाढली. पण त्यांच्या संघटनेला मान्यता मिळाली नाही. हे सांगितल्यावर पुढचा पाऊण तास मी बोललेच नाही. मान्यतेशिवायच्या पगारवाढीचं पुढे काय होतं, हे त्या मावशींना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. चार्ल्सटन कुठे आहे हे तोवर कोणालाच माहीत नव्हतं. त्या दिवशी घरी जाताना दोघींनी मला नकाशावर दाखवायला सांगितलं.

तेव्हापासून मी ‘काय वाटलं?’ हा प्रश्न सोडून दिला. ‘काय दिसलं?’ असं विचारते. कोणाच्या हातात काय होतं, दुकानाच्या पाटीवर काय लिहिलं होतं, पोलीस किती अंतरावर उभे होते. आधी दिसलेलं नीट सांगितलं गेलं, की वाटलेलं आपोआप मागून येतं, आणि ते नेमकं असतं.

याच फिल्मच्या सबटायटल्सबद्दल थोडं सांगते, कारण तुम्हालाही ते करावं लागेल. शीर्षक हीच घोषणा आहे. तिचं मराठी काय करायचं? ‘मी कुणीतरी आहे’ हे शब्दाला शब्द बरोबर आहे, पण मराठीत ‘कुणीतरी’ म्हणजे ज्याचं नाव माहीत करून घ्यायची गरज नाही असा माणूस. अर्थ पार उलटा होतो. ‘मलाही किंमत आहे’ केलं तर सरकारी भिंतीवरच्या वाक्यासारखं वाटतं. ‘आम्ही पण माणसं आहोत’ हे एका मावशींनी सुचवलं, ते खरं आणि जवळचं आहे, पण मूळ घोषणा एकवचनी आहे. मोर्चात शेकडो जणी चालतात आणि प्रत्येक जण स्वतःपुरतं बोलते, ताकद त्यात आहे. शेवटी ‘मी पण कुणी आहे’ ठेवलं. म्हणताना ‘कुणी’वर जोर येतो आणि चालण्याच्या तालात बसतं. चार शब्दांवर दोन दिवस गेले, पण ते दोन दिवस मला वाया गेल्यासारखे वाटत नाहीत.

शब्दांचा दुसरा प्रश्न याहून अवघड आहे. ‘ब्लॅक’साठी वर्तमानपत्रं ‘कृष्णवर्णीय’ लिहितात. मी ‘काळे’ लिहिते. पडद्यावरची माणसं स्वतःला ज्या अभिमानाने ब्लॅक म्हणवतात, तो ‘कृष्णवर्णीय’मध्ये उरत नाही, तो शब्द लांब उभं राहून बोलतो. साठच्या दशकातल्या फिल्म्समध्ये काळी माणसं स्वतःच ‘निग्रो’ म्हणतात, तिथे मी ‘निग्रो’च ठेवते. तो त्या काळाचा शब्द आहे, आणि तो मागे पडून ‘ब्लॅक’ कसा आला हाच एका बैठकीचा विषय होतो. गोऱ्यांनी दिलेली शिवी मात्र मी मराठी शिवीने बदलत नाही. आपल्याकडच्या जातिवाचक शिव्या तिथे टाकल्या की प्रेक्षकांना त्या तोंडावर बसतात आणि फिल्म तिथेच संपते. तिथे मी मूळ शिवीच देवनागरीत लिहिते आणि सुरू करण्याआधी सांगून ठेवते.

आता दुसऱ्या बैठकीबद्दल. ‘अ लव्ह साँग फॉर लताशा’. सोफिया नाहली ॲलिसन यांची २०१९ ची १९ मिनिटांची फिल्म, पुढे ऑस्करच्या नामांकनात गेली आणि नेटफ्लिक्सवर आली. लॉस एंजेलिसमधल्या एका दुकानात १६ मार्च १९९१ रोजी लताशा हार्लिन्स या पंधरा वर्षांच्या मुलीला दुकानदार बाईने गोळी घातली. निमित्त होतं एका संत्र्याच्या रसाच्या बाटलीचं, किंमत १ डॉलर ७९ सेंट. ज्युरीने दोषी धरलं, पण न्यायाधीशांनी तुरुंगवास दिला नाही. दंड ५०० डॉलर, प्रोबेशन आणि ४०० तास समाजसेवा. लताशाला गोळी घातली त्याच्या तेराच दिवस आधी त्याच शहरात पोलिसांनी रॉडनी किंग या काळ्या माणसाला मारहाण करतानाचं चित्रण झालं होतं. पुढच्या वर्षी शहर पेटलं, त्यामागे या दोन्ही गोष्टी होत्या.

दुकानातल्या कॅमेऱ्याचं चित्रण उपलब्ध आहे. तेव्हा ते टीव्हीवर पुन्हा पुन्हा दाखवलं गेलं. ॲलिसन यांनी ते वापरलेलं नाही. त्याऐवजी लताशाची नात्यातली बहीण आणि जिवाभावाची मैत्रीण बोलतात. तिला वकील व्हायचं होतं, ती धाकट्यांना कसं सांभाळायची, खेळताना कशी असायची, हे ऐकायला मिळतं. जिचं नाव तीस वर्षं फक्त मरणाशी जोडलेलं होतं, ती या १९ मिनिटांत एक मुलगी म्हणून समोर येते.

म्हणून मरण कधीच दाखवू नये असं म्हणायचं का? मला तसं वाटत नाही. १९५५ मध्ये मिसिसिपीत एमेट टिल या चौदा वर्षांच्या मुलाला मारून नदीत टाकलं, तेव्हा त्याच्या आईने, मेमी टिल यांनी, शिकागोत शवपेटी उघडी ठेवायला लावली. माझ्या मुलाचं काय केलं ते जगाने पाहावं, ही त्यांची भूमिका होती. हजारो लोकांनी पाहिलं, काळ्यांच्या ‘जेट’ साप्ताहिकाने फोटो छापला, आणि एक अख्खी पिढी त्या फोटोने जागी झाली. तिथे दाखवणारी आई होती. लताशाचं चित्रण दाखवणाऱ्या वाहिन्यांचं तिच्याशी काही नातं नव्हतं. माझी कसोटी इथून आली आहे. दाखवायचं हे कोणी ठरवलं आणि कोणासाठी ठरवलं, एवढं मी प्रत्येक फिल्मला विचारते. तुमच्या गटापुढे हे दोन प्रसंग शेजारी ठेवा. मागच्या महिन्यातली फिल्म काही जणांना का सहन झाली नाही, हे त्यांच्याच तोंडून कळेल.

तिसरी, ‘टाइम’. गॅरेट ब्रॅडली, २०२०, काळी-पांढरी. लुइझियानातली फॉक्स रिच ही बाई, सहा मुलगे, आणि दरोड्यासाठी साठ वर्षांची शिक्षा झालेला नवरा रॉब. ब्रॅडली यांना आधी छोटीच फिल्म करायची होती. चित्रीकरण संपत आलं तेव्हा फॉक्सने त्यांच्या हाती जुन्या टेप्स ठेवल्या, जवळपास शंभर तासांचं घरगुती चित्रण, नवऱ्याला पुढे कधीतरी मुलांचं लहानपण दिसावं म्हणून वर्षानुवर्षं जमवलेलं. त्यातून मोठी फिल्म उभी राहिली. तुमच्या गटात यावर भांडण होईल, आणि व्हायला हवं. गुन्हा घडलेला आहे, नवरा-बायको दोघंही ते नाकारत नाहीत, फॉक्स स्वतःही शिक्षा भोगून आलेली आहे. निर्दोष माणसासाठी कळवळणं सोपं असतं. दोषी माणसाला साठ वर्षं का, आणि त्या वर्षांचा हिशेब घरातली बाई कसा चुकवते, हे विचारायला ही फिल्म भाग पाडते. मला ती फार मोलाची वाटते.

चौथ्या बैठकीला मी १३ मिनिटांची ‘व्हेन इट रेन्स’ लावीन. चार्ल्स बर्नेट, १९९५. एका बाईला भाडं थकल्यामुळे घराबाहेर काढणार आहेत, म्हणून एक माणूस ओळखीच्यांकडे पैसे मागत फिरतो. एवढीच गोष्ट, पण वस्ती कशी जगते ते दिसतं. नंतर याच बर्नेट यांची ‘किलर ऑफ शीप’, ही कथापट आहे, पण विद्यापीठातली पदवीची फिल्म म्हणून लॉस एंजेलिसच्या वॉट्स वस्तीत सुट्टीच्या दिवशी, दहा हजार डॉलरपेक्षा कमी पैशांत काढलेली. तोवर तुमचे लोक तयार झालेले असतील, मग यान्स फोर्ड यांची ‘स्ट्राँग आयलंड’ दाखवा. भावाच्या खुनावर त्याच्याच भावंडाने केलेली, २०१७ ची. ‘द मर्डर ऑफ फ्रेड हॅम्प्टन’, १९७१. हॅम्प्टन हा ब्लॅक पँथर या काळ्यांच्या लढाऊ पक्षाचा नेता, आणि फिल्मवाले तो जिवंत असताना त्याच्यावर फिल्म करत होते. ४ डिसेंबर १९६९ च्या पहाटे पोलिसांनी त्याला त्याच्या घरात मारलं, वय २१. मग तेच कॅमेरे त्या खोल्यांत गेले. मार्लन रिग्ज यांची ‘टंग्ज अनटाइड’ही यादीत हवी. काळ्या समलिंगी पुरुषांवरची आहे, १९८९ ची. तुमच्याकडे ज्येष्ठ मंडळी कुरकुरतील, तरी दाखवा. वस्तीतल्या वस्तीत कोणाला गप्प बसवलं जातं, हा प्रश्न आपल्यालाही चुकत नाही. सगळ्यात शेवटी रॅमेल रॉस यांची ‘हेल काउंटी’, अलाबामातली, पाच वर्षांच्या १३०० तासांच्या चित्रीकरणातून ७६ मिनिटं. हिच्यात गोष्ट नाही, नुसतं पाहणं आहे. पहिल्या दिवशी लावलीत तर लोक कंटाळतील, सहा महिन्यांनी गप्प बसून बघतील.

हे झाले नऊ. दहावं नाव ‘आइज ऑन द प्राइझ’, हेन्री हॅम्प्टन यांच्या बॉस्टनच्या ब्लॅकसाइड संस्थेची चौदा भागांची मालिका, १९८७ आणि १९९० मध्ये आलेली. नागरी हक्कांच्या लढ्याचा इतका सविस्तर दस्तऐवज दुसरा नाही. एक-दोन भाग निवडा.

हिचं नाव शेवटी घेण्याचं कारण हक्क. या मालिकेत जुनं चित्रण, फोटो आणि गाणी शेकड्यांनी आहेत, आणि त्यांचे हक्क ठरावीक वर्षांपुरतेच घेतले होते. ते नव्वदच्या दशकात संपले. मग ही मालिका अनेक वर्षं ना टीव्हीवर दाखवता येत होती, ना नव्याने विकता येत होती. देणग्या मिळाल्यावर हक्क पुन्हा घेतले गेले आणि २००६ मध्ये ती परत टीव्हीवर आली. ‘किलर ऑफ शीप’चंही तेच. फिल्म सत्तरच्या दशकातली, थिएटरमध्ये नीट लागली २००७ मध्ये, कारण त्यातल्या गाण्यांच्या हक्कांचेच दीड लाख डॉलर झाले. फिल्मच्या खर्चाच्या पंधरापट! गरीब माणसाने काढलेली फिल्म किती सहज नाहीशी होऊ शकते, ते यावरून बघा.

म्हणून मी तुम्हाला कळकळीने सांगते, डाउनलोड केलेली प्रत लावू नका. स्वतःच्या मोबाइलवरचं स्ट्रीमिंगचं सदस्यत्व घरात बघण्यापुरतं असतं. नेटफ्लिक्सच्या स्वतःच्या काही माहितीपटांच्या पानावर शैक्षणिक प्रदर्शनाची परवानगी लिहिलेली असते, ती तपासा. कॉलेजच्या आत विद्यार्थी, कर्मचारी आणि पालकांपुरतं दाखवायचं असेल तर आपल्या कॉपीराइट कायद्यात सूट आहे, तुमचा अभ्यासवर्ग त्यात बसत नाही. तेव्हा वितरकाला सरळ पत्र लिहा. खुर्च्या किती, प्रवेश मोफत आहे, तारीख कोणती, आणि मराठी सबटायटल्स आम्ही करू, फाइल तुम्हाला पाठवू, असं त्यात घाला. या शेवटच्या ओळीने मला अनेकदा रक्कम कमी करून मिळाली आहे. अशा फिल्म्स सांभाळणाऱ्या संस्था छोट्या आहेत, त्या माणसासारखं उत्तर देतात.

सबटायटल्सची फाइल युनिकोडमध्येच ठेवा आणि आदल्या दिवशी त्याच लॅपटॉपवर चालवून बघा. चुकीचा फॉन्ट लागला की जोडाक्षरं फुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी भलत्या अक्षराला चिकटते. एका वेळी दोनच ओळी ठेवा. तुमच्यातल्या बऱ्याच जणांचं वाचन सावकाश असेल, त्यांच्यासाठी वाक्य कापा, बोललेला प्रत्येक शब्द यायलाच हवा असं नाही. अजिबात न वाचणाऱ्या बाया असतील तर एखाद्या चांगल्या आवाजाच्या मुलीला सबटायटल्स मोठ्याने वाचायला बसवा. आम्ही हे अनेकदा केलंय, छान होतं.

‘आपल्याकडचंच’ या वाक्याचं काय करायचं, ते राहिलं. ते वाक्य खोटं नाही. जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामी मोडणाऱ्या सज्जनांना अर्पण केली. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेतले काळे विचारवंत ड्यूबॉइस यांना पत्र लिहिलं, काळ्यांच्या संघटनेने संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, नाव तिकडच्या ब्लॅक पँथरवरून घेऊन. नागपूरच्या माणसांना हे मी काय सांगणार! पण हा धागा मी पहिल्या दोन बैठकांत काढत नाही. कोणी काढला तर फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवते, ‘यावर तिसऱ्या वेळी’. आधी फरक मोजायला लावते. जात कातडीवर दिसत नाही, आडनावात आणि पत्त्यात दिसते. तिकडे विक्रीला उभं केलेल्या माणसांचे वंशज आहेत, इकडे गावकुसाबाहेर ठेवलेल्यांचे. चार्ल्सटनच्या बायांकडे चर्च होतं, आपल्याकडे विहार आणि जलसा आहे. एवढं बोलून झाल्यावर साम्य काढलं की ते घट्ट बसतं.

क्रम एकदा सलग लिहिते. पहिल्या दिवशी संपाची फिल्म, मग चहा, मग तिच्यातलीच पाच मिनिटं पुन्हा. दुसऱ्या दिवशी लताशा, आणि सोबत एमेटच्या आईची हकीकत. तिसऱ्या दिवशी ‘टाइम’ आणि फळ्यावरचं राहिलेलं वाक्य. पुढचं तुमच्या गटाला ठरवू द्या. अर्ध्या तासाच्या फिल्मला दोन तासांची बैठक धरा, कमी नको.

आणि यातलं काहीही करण्याआधी, उठून गेलेल्या त्या चौघांना भेटा. बैठकीत नको, त्यांच्या घरी जाऊन. का गेलात असं विचारू नका, पुढच्या वेळी कोणाची गोष्ट बघायला आवडेल ते विचारा. त्यांच्यापैकी कोणी दवाखान्यात काम करत असेल, तर फिल्म सुरू होण्याआधी चार शब्द बोलायची विनंती त्यांनाच करा.